सरांचा खिशातला हात

“आईंना बरोबर का नाही आणलंत?” एक्स-रे पडद्यावर मोठा करत डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, “आईला कशाला? एक्स-रे माझा आहे.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पडद्यावरच्या नावाकडे. मग माझा उजवा हात टेबलावर ओढून घेतला, अंगठा धरला, बुडाशी दाबला आणि जात्याच्या खुंट्यासारखा फिरवला. मी ओरडले. बाहेर बाकावर बसलेल्यांनी नक्की ऐकलं असणार, कारण मी बाहेर आले तेव्हा सगळे माझ्याकडे कणवेने बघत होते.

“वय सत्तावीस आणि सांधा पन्नाशीचा,” डॉक्टर म्हणाले. “काम काय करता?”

“फिजिओथेरपिस्ट आहे. धुळ्याला ऑर्थोपेडिकची रेसिडेन्सी करतेय.”

“मग तुम्हाला मी काय सांगायचं!” असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. फर्स्ट सीएमसी जॉइंट, म्हणजे अंगठा जिथे मनगटाला येऊन मिळतो तो बुडाचा सांधा. त्याचं सबलक्सेशन झालेलं, म्हणजे सांधा आपल्या बैठकीवरून थोडा घसरलेला. वर ऑस्टिओआर्थरायटिसची सुरुवात, म्हणजे झीज. हेच शब्द मी रोज पेशंटना समजावून सांगत होते. स्वतःबद्दल ऐकताना त्यातला एकही ओळखीचा वाटला नाही.

मी एवढंच विचारलं, “मला हे काम करता येईल ना?”

डॉक्टर म्हणाले, “आधी रक्त तपासू. मग बोलू.”

जळगावच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी अंगठा छातीशी धरला होता. एखादी वस्तू पडून फुटेल म्हणून धरावी तसा.

हे लिहिण्याचं कारण सरळ आहे. माझ्यासारखी मुलंमुली दरवर्षी या प्रशिक्षणाला येतात. पदवी झाली की हाडं-सांध्यांच्या पेशंटवर काम करत करत शिकायचं, म्हणजे ही रेसिडेन्सी. आमचं सगळं भांडवल दोन हात. शिवाय हे दुखणं आमचंच आहे असं नाही. भाकरी थापणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, पार्लरमध्ये मालिश करणाऱ्या बायकांनाही ते होतं. तेव्हा ते कसं सुरू होतं हे सगळ्यांना कळावं. आणि ते वाढू देणारा माणूस किती प्रेमळ असू शकतो, हेही कळावं.

धुळ्याच्या त्या हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. डिपार्टमेंट चालवणाऱ्या आमच्या सरांचंही नाही. खानदेशातले लोक काय ते ओळखतील.

मुलाखतीच्या दिवशी सरांनी मला बाकी प्रश्न सगळ्यांना विचारले तेच विचारले. शेवटी म्हणाले, “अंगठा मागे किती जातो, दाखव.”

मी वाकवून दाखवला. माझे अंगठे लहानपणापासून पार मागे वळतात. शाळेत पोरी मला ते करून दाखवायला लावायच्या आणि किंचाळायच्या. सरांचा चेहरा एकदम खुलला. शेजारी बसलेल्या मॅडमना म्हणाले, “असा अंगठा पेशंटला टोचत नाही. गादीसारखा बसतो.”

मग ते मला स्वतः डिपार्टमेंट दाखवायला घेऊन गेले. तिथे एक भिंत आहे. प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणारी प्रत्येक बॅच प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ओल्या थरात उजवा पंजा दाबते. ठसा वाळला की खाली नाव घालून तो भिंतीवर लावतात. सगळ्यात वर सरांचा ठसा, डिपार्टमेंट सुरू झालं तेव्हाचा. रुंद पंजा, अंगठा दणकट आणि सरळ. “इथे तुझाही लागेल,” सर म्हणाले.

मी अमळनेरला फोन केला आणि आईला सांगितलं, अंगठ्यावर पास झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं. पण त्या दिवशी मी बसस्टँडवर स्वतःच स्वतःला पेढे घेऊन खाल्ले.

आमचं डिपार्टमेंट अंगठ्यासाठी प्रसिद्ध होतं. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडून लोक यायचे ते मशीनसाठी नाही. जॉइंट मोबिलायझेशन नावाचा उपचार असतो. आखडलेल्या सांध्याला हाताने दाब देत देत पुन्हा चाल द्यायची. पाठीच्या मणक्यावर दोन्ही अंगठे टेकवायचे आणि लयीत दाबायचे. जमलं तर माणूस वाकून येतो आणि सरळ होऊन जातो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्यावर आजही माझा विश्वास आहे.

सरांसारखा शिक्षक मी पाहिला नव्हता. पेशंट दारातून आत येईपर्यंत ते सांगायचे की दुखणं कंबरेत आहे की खुब्यात. शिकवताना माझे अंगठे पेशंटच्या पाठीवर ठेवायला लावायचे, वरून स्वतःचा डावा तळवा ठेवायचे आणि दाबायचे. “आता लागला का सांधा? हा. इथे थांब. आता सोड.” त्यांच्या तळव्यातून माझ्या अंगठ्यात आणि अंगठ्यातून मणक्यात काहीतरी उतरायचं. मला वाटायचं, शिकवण्याची ही किती मोठ्या मनाची पद्धत! स्वतः करून टाळ्या घेत नाहीत, आपल्या हातून करवून घेतात.

थोड्याच महिन्यांत पेशंट मला मागायला लागले. साक्रीकडच्या एक अक्का होत्या. पाठ धरलेली. मशीन लावायला गेलं की हात झटकायच्या.

“मशीन नको लावू व माय. तुन्हा अंगठाच माले औषध शे. बठ्ठं आंग मोकळं व्हई जास.”

सर मागून हसायचे. “बघ, पोरी, तुझ्या हाताला यश आहे.” असं कोणी म्हटलं की माणूस जेवणसुद्धा विसरतो. मी विसरायचे.

दिवाळीनंतर खोलीचं कुलूप उघडेना. किल्ली धरली की अंगठ्याच्या बुडातून कळ निघून मनगटापर्यंत जायची. मग पाण्याच्या बाटलीचं झाकण, मग कुर्त्याचं बटण. मेसमध्ये भाकरी डाव्या हाताने मोडायला लागले, तर मैत्रिणी म्हणाल्या, अगं जेवताना तरी उजवा वापर.

मी लपवलं नाही. दुसऱ्याच दिवशी सरांना सांगितलं. हे मुद्दाम लिहिते, कारण असं कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “तू वेळेवर बोलली नसशील.” बोलले होते.

सरांनी माझा अंगठा डाव्या तळव्यावर घेतला. बुडाशी बोट फिरवलं. मग म्हणाले, “टेक्निक चुकतंय. वजन खांद्यातून दे. अंगठा फक्त टेकव.” आणि टेबलाचा ड्रॉवर उघडून मलमाची एक ट्यूब काढून दिली. “झोपताना लाव. वरून गरम कापड गुंडाळ. सकाळी ताठरपणा कमी वाटेल.”

ट्यूब अर्धी वापरलेली होती. मला भरून आलं. सर स्वतःचं मलम देतात! सकाळी ताठरपणा असतो हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

मग मी टेक्निक सुधारत राहिले. खांद्यातून वजन दिलं, कंबरेतून दिलं, पाय मागेपुढे करून बघितले. थंडी वाढली तसे पाठी-कंबरांचे पेशंट वाढले. माझ्या अंगठ्याच्या बुडाशी एक उंचवटा दिसायला लागला. सर म्हणायचे, होतं सुरुवातीला, हात तयार होतो. हात तयार होतोय, हात तयार होतोय, असं म्हणत मी अख्खा हिवाळा काढला.

शेवटी चुलतबहिणीच्या साखरपुड्याची थाप मारली आणि जळगावला गेले. धुळ्यातच दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत डिपार्टमेंटमध्ये कळलं असतं. जळगावला हातांचे एक सर्जन बसतात असं ऐकलं होतं. पुढचं वर सांगितलं आहे.

त्या पहिल्या भेटीत डॉक्टरांनी स्प्लिंट दिला. अंगठा आणि मनगट जखडून ठेवणारा प्लास्टिकचा पट्टा, वर वेल्क्रो. परतीच्या बसमध्ये एरंडोलपर्यंत मी तो ओढणीखाली झाकला होता. मग म्हटलं, झाकायचं काय त्यात? पारोळ्याला कंडक्टर म्हणाला, ताई, पडल्या का कुठे? मी हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी स्प्लिंट घालून कामावर गेले. सर दारातच थांबले.

“हे कोणी दिलं?”

“जळगावला दाखवलं, सर.”

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मला वाटलं, माझी काळजी वाटली. मग म्हणाले, “पेशंटसमोर घालू नकोस. लोक म्हणतील, हिचाच हात दुखतो, ही आपला काय बरा करणार?” मी स्प्लिंट काढून पिशवीत ठेवला.

अक्कांच्या नजरेतून मात्र काही सुटलं नाही. मी त्यांच्या पाठीवर अंगठे टेकवले तेव्हा माझा श्वास अडकला असावा. त्यांनी पालथं पडल्या पडल्या मान वळवली.

“तुन्हा हातले काय व्हयनं व माय?”

“काही नाही, अक्का.”

“मन्ही पाठनी खादा का तुन्हा अंगठा?”

आणि त्या उठून बसल्या. त्या दिवशी त्यांनी मला हात लावू दिला नाही. मशीन लाव म्हणाल्या. ज्या बाईला मशीनचा इतका राग होता, ती निमूट मशीन लावून घेत पडून राहिली. सरांनी ते पाहिलं, आणि पुढच्या पेशंटला माझ्याकडेच पाठवलं.

रक्ताचे रिपोर्ट घेऊन मी पुन्हा जळगावला गेले. वेटिंग रूममध्ये समोर एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांच्या आणि माझ्या हातात तोच स्प्लिंट. त्यांनी माझ्याकडे बघून ओळखीचं हसू दिलं. पन्नास वर्षं भाकरी थापल्या असतील त्यांनी. मी काय केलं होतं?

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचले. “रक्त स्वच्छ आहे. आमवात नाही. हे नुसतं वापराचं आहे. तुमचे सांधे हायपरमोबाइल आहेत, म्हणजे गरजेपेक्षा सैल. असा अंगठा दिसायला लवचिक, पण दाब पडला की सगळ्यात आधी तोच जातो. अशा अंगठ्याने कधीच दाबायचं नसतं. शिकवताना सांगितलं नाही कोणी?”

“उलट त्यावरच निवड झाली,” मी म्हटलं.

ते लिहिता लिहिता थांबले. मी पुन्हा माझा प्रश्न विचारला. काम करता येईल ना?

“येईल की. काही महिने दाबायचं पूर्ण बंद. स्प्लिंट, अंगठ्याच्या स्नायूंचे व्यायाम. अंगठा पूर्वीसारखा होणार नाही, पण जाणारही नाही. नंतर बोटांची पेरं वापरा, कोपर वापरा, तळव्याची कड वापरा. तुमचे सर करतात तसंच. त्यांना मीच सांगितलं होतं तेव्हा. किती वर्षं झाली, ते कुठे अंगठा लावतात आता? कसा आहे त्यांचा…”

माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. “मी बोलायला नको होतं,” ते म्हणाले.

म्हणजे मी ज्या कारणासाठी धुळं सोडून जळगावला आले होते, त्याच कारणासाठी सरही आले होते. कधीतरी त्याच बाकावर, तसलाच स्प्लिंट घेऊन बसले असतील.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला टेकून सगळं मागून पुढे पाहत गेले. सर चहाचा कप डाव्या हाताने धरतात. पेशंटला हात जोडत नाहीत, मान लववतात. सही करताना पेन दोन बोटांच्या मध्ये धरतात, ते आम्हाला स्टाइल वाटायचं. उजवा हात कायम ॲप्रनच्या खिशात, तो आम्हाला रुबाब वाटायचा. एकानेही, कोणत्याही बॅचने, सरांचा अंगठा पेशंटच्या अंगावर टेकलेला पाहिला नव्हता. हातचं राखून शिकवणारे मास्तर मी शाळेपासून पाहत आले आहे, पण या माणसाने स्वतःचा हात राखून आमचे वापरले होते.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग. इतका, की उतरताना बॅग बसमध्येच राहिली आणि कंडक्टरला मागे धावत यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपली तशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. बसले नाही.

“सर, तुमचा उजवा अंगठा बघू?”

माझ्यासारख्या मुलीने असं विचारणं म्हणजे काय, हे ज्यांनी कोणाच्या हाताखाली प्रशिक्षण घेतलंय त्यांना कळेल. सरांनी दार लोटायला सांगितलं. हात खिशातून काढला नाही.

“जळगावला कळलं का?”

“हो.”

त्यांनी डाव्या हाताने टेबलावरचे कागद एकत्र केले. मग म्हणाले, “हे बघ, पहिल्या दिवसापासून कोपर लावायला शिकवलं तर हाताला सांधा कधी दिसणारच नाही. अंगठ्यानेच दिसतो. मीही तसाच शिकलो. माझ्या सरांनी मला कुठे सांगितलं होतं?”

“म्हणून तुम्ही मला नाही सांगितलं?”

“सगळ्यांचा जात नाही ग.”

“माझा सैल होता. तुम्ही वाकवायला लावून बघितला होता.”

यावर ते जे बोलले ते मी आजही झोपताना कधी कधी ऐकते. आवाज अगदी मायेचा होता. म्हणाले, “तुम्ही कष्टाची माणसं. शेतात राबलेल्या घरातली मुलगी आहेस, तुझा हात टिकेल असं मला वाटलं.”

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आमच्या घरी कधीच शेत नव्हतं, ना स्वतःचं ना दुसऱ्याचं. इतके महिने हा माणूस माझ्या अंगठ्यावर तळवा ठेवून उभा होता. माझ्या घरी कोण काय करतं हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. आडनाव वाचलं आणि शेत गृहीत धरलं.

“पप्पा कंडक्टर होते, सर,” एवढंच मी म्हटलं, आणि बाहेर आले.

सुट्टी काढून अमळनेरला गेले. आईने स्प्लिंट पाहिला आणि आधी ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी करून वाढली. ती थापताना मी तिच्या अंगठ्याकडेच बघत होते. जेवणं झाल्यावर मी दोघांना सगळं सांगितलं.

एकलव्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. आमच्याकडे जयंतीच्या प्रत्येक भाषणात ती असतेच. बुद्धविहारात सतरंजीवर बसून ती ऐकताना मी जांभया द्यायचे. गोष्टीतलं दुःख पाठ झालं होतं, म्हणून लागत नव्हतं. धुळ्यात कोणी गमतीने म्हणालं असतं, काय ग, अंगठा दिला का गुरुदक्षिणेत, तर मी हसलेही असते.

पप्पा घरात अहिराणी बोलतात, पण महत्त्वाचं काही सांगायचं असलं की शुद्ध मराठीत शिरतात, जणू गाडीत तपासनीस चढलाय. ते खुर्चीत सरळ बसले.

“एकलव्याकडे निदान मागितला तरी होता,” ते म्हणाले. “तुझा न सांगता नेला.”

आई म्हणाली, “नेयेल नही, शे आजून. उगा काही बोलू नका.” आणि माझा हात मांडीवर घेऊन बसली. मग मात्र मी रडले. चांगली भोकाड पसरून रडले.

मला सोडून द्यायचं होतं. पप्पा म्हणाले, सोड. आई म्हणाली, पूर्ण कर. दोघांचं भांडण झालं, ते माझ्यावरून होतं म्हणून बरं वाटलं. शेवटी मी पूर्ण करायचं ठरवलं, आणि त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. एवढा हात घालवून कागद सोडून यायचा, म्हणजे दोन्हीकडून बुडायचं.

परत गेले तर सरांनी मला एके दुपारी थांबवून घेतलं. पुन्हा दार लोटायला सांगितलं. उपचाराच्या टेबलावर एक जण पालथा झोपला होता, हॉस्पिटलचाच वॉर्डबॉय, मान धरली म्हणून आलेला. सरांनी पहिल्यांदा माझ्यासमोर उजवा हात बाहेर काढला. अंगठा तळव्याकडे आत वळलेला, बुडाशी हाडाचा गठ्ठा. आणि मग त्यांनी काम केलं. बोटांच्या पेरांनी, कोपराने, तळव्याच्या कडेने. काय सुंदर हात चालत होता! मी सगळा राग विसरून बघत राहिले, आणि तो विसरले म्हणून मला स्वतःचाच राग आला.

“हे तुला शिकवतो,” ते म्हणाले. “तुझं काही अडणार नाही. पण ज्युनिअर्सना आत्ता नको. आधी त्यांचा अंगठा बसू दे. हे आपल्यातच.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. शिकून घेतलं. रोज दुपारी, दार लोटून. मला गरज होती. काही महिन्यांनी अक्कांची पाठ मी कोपराने मोकळी केली. त्या म्हणाल्या, अंगठासारखं नही, पन चालस. याहून मोठं सर्टिफिकेट मला अजून मिळालेलं नाही.

आता ज्यांना हे दुखणं आहे त्यांच्यासाठी थोडं सरळ सांगते. अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय, किल्ली फिरवताना कळ येते, तर टेक्निकच्या नावाखाली महिने काढू नका. एक्स-रे काढा. स्प्लिंट लोकांसमोर घाला. पेशंटला तुमच्या दुखण्याची लाज वाटत नाही, त्यांना कळवळा येतो. अंगठा मागे वळत असेल तर तो गुण नाही, सावध राहण्याची खूण आहे. आणि जो शिकवतो त्याला एकदा तरी सांगा, सर, तुम्ही करून दाखवा.

अशा लेखाच्या शेवटी आभार मानतात. जळगावच्या डॉक्टरांचे मानते, विशेषतः जे बोलायला नको होतं त्याचे. अक्कांचे मानते. सरांचे मानायचे का, यावर मी खूप दिवस अडले. माझ्या हातात आज जे काही आहे ते त्यांनीच दिलेलं आहे, त्यात दुखणंही आलं. शिकवल्याबद्दल आभार. माफ मात्र केलेलं नाही, आणि करायची घाईही नाही.

शेवटच्या दिवशी भिंतीसाठी ठसे घ्यायचे होते. नवी बॅच नुकतीच आली होती. कोवळी मुलं, इस्त्रीचे ॲप्रन. ट्रेमध्ये प्लास्टर कालवून ठेवलं होतं. आता मला स्प्लिंट फक्त जड कामाला लागतो. त्या दिवशी तो लागणार नव्हता. मी मुद्दाम घालून गेले.

“स्प्लिंट काढ,” सर हळूच म्हणाले. “ठसा खराब होईल.”

मी तसाच हात दाबला. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, ती ऊब चारही बोटांना लागली. अंगठ्याला प्लास्टिकमुळे काहीच लागलं नाही. हात काढला तर ठशात चार बोटं नीट उमटली होती, आणि पाचव्याच्या जागी पट्टा आणि वेल्क्रोचं चौकोनी टोक.

नव्या बॅचमधली एक मुलगी वाकून बघत होती. “मॅडम, अंगठ्याला काय झालं?”

मी सरांकडे बघितलं. उत्तर त्यांनी द्यावं अशी माझी खरोखर इच्छा होती. शेवटपर्यंत होती. त्यांनी दिलं असतं तर कदाचित मी वरचं माफीचं वाक्य खोडलं असतं. मी थांबले, मुलंही थांबली. सर भिंतीवरच्या पहिल्या ठशाकडे बघत उभे होते. हात खिशात.

मग मी ओल्या हातानेच त्या मुलांना जवळ बोलावलं.

“अंगठे दाखवा पाहू,” मी म्हटलं, “मागे किती जातात ते.”